उंबऱ्याचं पायसम

अंबू अक्कांनी आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. बेल होती, चालूही होती, पण अक्का दार बडवायच्या. उजव्या हाताची मूठ वळायची, मुठीत किल्ल्यांचा जुडगा तसाच, आणि दार उघडेपर्यंत थांबायचं नाही. दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "मेलीं काय सगळीं?" चेन्नईत, वेलचेरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आमच्या अगदी समोर होतं. मधे एवढासा पॅसेज. त्यामुळे त्यांचा राग आमच्या घरात आमच्याआधी उठायचा.

आम्ही सांगलीहून आलेले. माझा नवरा सतीश बँकेत, त्याची बदली झाली म्हणून. मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. आल्या आल्याच एकदा पाण्याच्या टँकरवाल्यानं आमच्याकडे पाणी न सोडता टँकर वळवला आणि मी गॅलरीतून त्याला चांगली सांगलीच्या मराठीत झापायला लागले. तो मान वर करून हसत होता. तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून आवाज आला, "अगे, तेला काय कळतें तुझी मराठी? सरक. मी देतें शिव्या." मी खरोखरच सरकले. त्यांनी दिल्या. टँकर परत आला.

या अंबू अक्का. घराणं तंजावरचं, मराठी अशी की प्रत्येक शब्दाच्या शेपटीला नाकातला सूर आणि वाक्याच्या मधोमध तमिळ. मला ती मराठी जशीच्या तशी लिहिता येणार नाही, पण कानात अजून आहे. आमच्या मराठीला त्या "तुमची ती घाईची मराठी" म्हणायच्या. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती, त्यामुळे समोरचा माणूस मैलभर लांब आहे असं समजूनच बोलायच्या. त्यांचे यजमान राव मामा, फार शांत माणूस. अक्का सुरू झाल्या की मामा कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि पेपर उघडायचे. अक्कांना ते दिसायचं, त्यामुळे त्या आणखी चिडायच्या.

आणि राग कशाचा नव्हता ते विचारा! सांबारात गूळ घालणाऱ्या माणसांचा राग, म्हणजे आमचा. पॅसेजमध्ये चपला पसरणाऱ्यांचा राग. हळू बोलणाऱ्यांचा तर फारच. "जो हळू बोलतो, तो कांहीतरी लपवितो," असं त्यांचं म्हणणं होतं. मला तेव्हा हसू यायचं. नंतर नाही आलं.

कारण जुई झाली आणि सगळं जग हळू बोलायला लागलं.

जुई आमची मुलगी. जन्मली तेव्हा डॉक्टरांनी सतीशला बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं की मुलीला डाऊन सिंड्रोम आहे, हृदयाला भोकही आहे, ऑपरेशन करावं लागेल. सतीशनं सकाळीच पेढे आणून ठेवले होते. ते पेढे त्यानं ऑफिसात नेलेच नाहीत. खोक्यासकट घरच्या फ्रिजमध्ये सारून दिले. मी जुईला घेऊन घरी आले तर बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात भेटल्या, माझ्याकडे बघून डोळे पाण्यानं भरले त्यांचे, आणि एकीनंही बाळाच्या तोंडावरचं दुपटं सरकवून बघितलं नाही. सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. "बारशाचं सध्या राहू दे गं. बघू जरा, काय होतंय ते."

बघू! या एका शब्दाचा मला आजही इतका संताप येतो की कुणी बोलताना सहज 'बघू' म्हणालं तरी माझं डोकं सणकतं.

अक्का आल्या, दार बडवून. मला चहा करून द्यायचा म्हणून स्वतःच दूध काढायला फ्रिज उघडला, आणि खोकं दिसलं. "हे पेढे कोणाचे?"

मी सांगितलं. वाटायचे राहिले, म्हटलं.

"राहिले म्हणजे? पाय नाहीत तुम्हांस?" मग सासूबाई काय म्हणाल्या तेही मी सांगून बसले. अक्का लाल झाल्या. "बघूं म्हणजे काय? लेंकरूं परत करणार कोठें? दुकानांतून आणलें काय?" आणि ते शिळे, कडक झालेले पेढे घेऊन बाई निघाल्या. प्रत्येक मजल्यावर मुठीनं दार बडवल्याचा आवाज मला आतून ऐकू येत होता, आणि मागोमाग तो ट्रंक कॉलचा आवाज, "मुलगी झाली! समोरच्यांना! घ्या!" मी जुईला छातीशी धरून तेव्हा पहिल्यांदा ढसाढसा रडले. बारसं त्यांच्याच घरी झालं. पाळण्याला दोरी राव मामांनी बांधली.

अक्कांच्या घरची एक रीत होती. तिकडे बऱ्याच घरांत असते म्हणे. बाळानं काहीही नवं केलं की त्याचा एक पदार्थ ठरलेला. पालथं पडलं की अप्पम, म्हणजे गुळाचे गोड तळलेले वडे. दात आला की कोळुकट्टै, म्हणजे आपल्या मोदकाची बिनसारणाची बारीक भावंडं, ती बाळाच्या डोक्यावरून ओतायची. आणि सगळ्यात मोठा मान उंबऱ्याचा. बाळानं आपलं आपण रांगत घराचा उंबरा ओलांडला की पायसम, म्हणजे आपली खीर, करायचं आणि शेजारीपाजारी वाटायचं. "तोपर्यंत लेंकरूं आईचें," अक्का सांगायच्या, "उंबरा ओलांडला कीं गांवाचें. मग गांवाला तोंड गोड करून सांगावें लागतें, बाबांनो, आली आहे, सांभाळा."

जुई गावाची होणार का, हाच तर सगळा प्रश्न होता. बाकी कशाचं मला काही वाटत नव्हतं.

एग्मोरला एका डॉक्टरीणबाईंकडे आम्ही जुईला दाखवायला न्यायचो. अक्का बरोबर यायच्याच. दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता होता, कुठल्या महिन्यात बाळानं काय करायला हवं त्याचा, आणि वर एक गुटगुटीत बाळ दात दाखवत हसत होतं. अक्कांनी तो तक्ता वाचला. "हा कोणाचा लेंक?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणाचा नाही, चित्र आहे. "मग तेचा हिशेब आमच्या लेंकीला कायला?" म्हणून तक्ता उलटा करून भिंतीकडे तोंड करून टांगला. डॉक्टरीणबाई आल्या, बघितलं आणि जुईला तपासायला घेतलं. पुढच्या खेपेला तक्ता पुन्हा सरळ होता. अक्कांनी पुन्हा उलटा केला. हे त्या दोघींचं शेवटपर्यंत चाललं.

जुई पालथी पडली तेव्हा तिच्या वयाची मुलं धरून उभी राहत होती. शिवाय खरं सांगायचं तर ती पडली, ती सतरंजीखाली उशी सरकली होती म्हणून. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "आंटी, हे धरायचं नाही, हे आपोआप झालं." अक्का तिच्या अंगावर धावून गेल्या. "पडली ना? तूं पालथी पडलीस तेव्हां कोणी विचारलें होतें, मुद्दाम पडलीस का म्हणून?" तासाभरात अप्पम तळून तयार. डबे भरले, प्रत्येक दारी गेले.

आमच्या वरच्या मजल्यावर विजया मामी राहायच्या. रोज देवळात जाणाऱ्या, गोड बोलणाऱ्या, आणि हळू बोलणाऱ्या. त्यांच्या सुनेला दिवस होते. संध्याकाळी त्यांनी डबा परत आणला. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, चार साखरेचे दाणे तरी घालतात. हा रिकामा नव्हताच. आतले अप्पम जसेच्या तसे होते. "रागावू नको हं," मला म्हणाल्या, "सून पोटुशी आहे. अशा घरचं... तू समजूतदार आहेस, तुला कळतं."

अशा घरचं! जुई माझ्या कडेवर होती. मामींकडे बघून हसत होती.

अक्का आपल्या दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. मला वाटलं आता बिल्डिंग कोसळते. पण अक्कांनी माझ्या हातातला डबा घेतला, मामींच्या मागोमाग जिना चढल्या, आणि मामींच्या बंद दारासमोर फतकल मारून बसल्या. डबा उघडला आणि एकेक अप्पम खायला लागल्या. बिल्डिंगमधली माणसं येत होती, जात होती, विचारत होती, "काय झालं अक्का?" अक्का तोंडातला घास संपवून मोठ्यानं सांगायच्या, "जुई पालथी पडली! तेचे अप्पम! ह्यांना नकोत, मी खातें!" मामींनी दार किलकिलं करून बघितलं आणि लावून घेतलं. अक्कांनी डबा चाटूनपुसून संपवला. बाईंना मधुमेह होता! पुढचे दोन दिवस अंथरुणात पडून होत्या आणि राव मामांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला, तो मला पॅसेजपलीकडे ऐकू आला. मी रागावायला गेले तर मला म्हणाल्या, "परत आलेलें अन्न टाकायचें नसतें. लेंकरांचें तर नाहींच."

मग जुईचं ऑपरेशन झालं. त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. घरी आणली तेव्हा छातीवर उभी शिवण होती आणि नाकात नळी. दूध नळीतून जायचं. गिळायचं कसं तेच पोरगी विसरली होती. चमचा ओठाला लावला की जीभ बाहेर ढकलायची. कित्येक आठवडे असे गेले. आणि एका दुपारी, मी आशा सोडून नुसता चमचा फिरवत असताना, तिनं गिळलं. घशाची ती बारीक हालचाल मी डोळ्यांनी बघितली. ओरडतच समोर गेले.

अक्का आनंदल्या, आणि दुसऱ्याच क्षणाला भडकल्या. कारण गिळण्याचा पदार्थ त्यांच्या रीतीत नव्हता. पालथं पडण्याचा आहे, दाताचा आहे, गिळण्याचा नाही! "आमच्या आज्यापणज्यांना अक्कल नव्हती!" पदर खोचून स्वयंपाकघरात फेऱ्या मारत बोलत होत्या. "तेंची लेंकरें आपोआप गिळत होतीं, म्हणून तेंना वाटलें, हें कांही कामच नव्हे. माजलीं होतीं सगळीं!" त्या दिवशी त्यांनी स्वतःची रीत काढली. गिळण्याचा शिरा. नंतर नाकातली नळी निघाली त्याच्या शेवया. जुई टेकूशिवाय बसली त्याचं पुरण. खोकून कफ बाहेर काढला त्याचासुद्धा काहीतरी तिखट पदार्थ होता, पण तो वाटताना कारण सांगू नका म्हणून मी पाया पडले. त्यांनी सांगितलंच.

डबे सगळीकडे जायचे. विजया मामींकडेसुद्धा, दर वेळी. "खाऊं नकोत. पण माहीत तर होऊं दे," अक्का म्हणायच्या. डबा दर वेळी भरलेला परत यायचा, आणि मी तो घरात आणून, दातओठ खात, सतीशच्या ताटात वाढायची.

राहिला उंबरा. आणि गंमत बघा, आमच्या घराला उंबराच नव्हता. बिल्डरनं दारात सपाट फरशी घातली होती, आत-बाहेर एकच. जुई रांगायला लागण्याची चिन्हं दिसली तेव्हा अक्कांच्या हे लक्षात आलं. "उंबरा नाहीं तें घर काय, तें गोडाऊन!" सुताराला बोलावलं, स्वतःच्या जुन्या सागवानी पलंगाची फळी काढून दिली आणि आमच्या दारात चांगला चार बोटं उंच उंबरा ठोकून घेतला. भाड्याचं घर! मालकाचा फोन आला, काढा म्हणून. अक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण परत त्याचा फोन आला नाही. उंबऱ्याला हळद लावली, पुढे कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढला. जुई त्या फळीशी यायची, हात टेकायची, हनुवटी टेकायची, बाहेर बघायची आणि मागे फिरायची. रोज.

त्याच सुमारास सासूबाई आल्या. पायसमचं ऐकून म्हणाल्या, "दोन वर्षांची घोडी झाली, अजून रांगत्येय. त्याचा कसला गं सोहळा? लोक हसतील." वाईट नाहीत सासूबाई. पण अक्का समोर होत्या. "हसूं दे," अक्का म्हणाल्या. "लग्नांत नाचतां ना, वरातींत? लग्न तर कोणीही करतें."

सासूबाई गेल्या आणि पंधरवड्यातच अक्कांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती. मी ती नळी बघितली आणि मला इतका राग आला, कुणाचा ते अजून कळलेलं नाही. राव मामा कानात यंत्र घालून पलंगाशी बसलेले असायचे, दिवसभर. ऐकायला काही नव्हतं तरी. मुलगा श्रीधर बंगळूरहून आला. आल्यागेल्याशी पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून हळू आवाजात बोलायचा. "बघू, काय होतंय ते." हो, तेच. शब्दासकट तेच.

एका सकाळी अक्कांनी चमचाभर पाणी गिळलं. मी घरी गेले, शिरा केला आणि बिल्डिंगभर वाटला. श्रीधर जिन्यात आडवा आला. "अहो, हे काय? आई एक चमचा पाणी प्याली, त्याचं काय वाटायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार लोक काय म्हणतील ते. बाजूला हो."

अक्कांना बंगळूरला न्यायचं ठरलं. खाली अँब्युलन्स आली. लिफ्ट नेहमीसारखी बंद. दोघा माणसांनी अक्कांना लाकडी खुर्चीत बसवून, कमरेला पट्टा बांधून, त्यांच्या दारातून पॅसेजमध्ये आणलं. आता जिना उतरायचा म्हणून जरा खुर्ची टेकली. मी आमच्या दारात उभी होते. माझ्या पायाशी जुई, उंबऱ्यावर हनुवटी टेकून. दाराबाहेर अक्का बसलेल्या, आणि त्या ओरडत नाहीत, हे तिला बहुतेक पटत नव्हतं. तिनं एक हात पलीकडे टाकला. मग दुसरा. मग पोट त्या फळीवर अडकलं आणि ती तिथेच लोंबकळली, श्वास फुललेला, तोंड लाल. मी वाकले. खुर्चीतून एक आवाज आला, शब्द नव्हता, पण मला कळला. हात लावू नको. मी हात मागे घेतला. जुईनं एक गुडघा वर ओढला, धपकन बाहेर पडली, नाक फरशीवर आपटलं, रडली नाही. रांगत गेली आणि अक्कांच्या पायाचा अंगठा धरला.

श्रीधर म्हणाला, "चला, उचला."

आणि अक्कांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि खुर्चीचा हात बडवायला सुरुवात केली. तसंच. दार उघडेपर्यंत. माणसांनी खुर्ची उचलायला हात घातला की त्यांच्या हातांवर बडवायच्या. चेहरा वाकडा झालेला, पण डोळे, बाप रे, ते टँकरवाल्याच्या वेळचे डोळे होते. माझ्याकडे रोखून बघत बडवत होत्या. श्रीधर म्हणत होता, "काय हवंय हिला? काय हवंय?"

"पायसम," मी म्हटलं. "पायसम झाल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत." राव मामा श्रीधरला म्हणाले, "बस रे. खुर्ची घे आणि बस."

मी शेवया परतल्या, दूध ओतलं, हात भाजले, मला कशाचं भान नव्हतं. डबे भरायला वेळ नव्हता. जुईला कडेवर घेतली, पातेलं फडक्यानं धरलं आणि दर दाराशी ते खाली टेकवत, मूठ वळून दारं बडवत निघाले. "जुईनं उंबरा ओलांडला! घ्या!" विजया मामींचं दार उघडलं. त्यांच्या कडेवर त्यांचा नातू होता. त्या काही म्हणायच्या आत मी त्यांच्यासमोर पळी धरली. "मामी, डबा नाही. परत करायची सोय नाही. हात पुढे करा." मामींनी हात पुढे केला. प्यायल्या. मी तिथे उभी राहून बघितलं.

खाली आले तर अक्का अजून पॅसेजमध्येच, जुईला मी जिथून उचललं त्या जागेकडे बघत. मी बोटाच्या टोकानं पायसमचा थेंब त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी जीभ फिरवली, गिळला, आणि वाकडं तोंड आणखी वाकडं केलं. साखर कमी होती.

अँब्युलन्सचा ड्रायव्हर खालून हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, वाजवू दे, आणि घरात साखर आणायला गेले.